गाल-जीभ-जबड्याची सर्जरी आणि फ्लॅप : पहिल्या रात्रीपासून ४२ व्या दिवसापर्यंत

नाइटड्युटी

गाल, जीभ, जबड्याच्या कॅन्सरच्या मोठ्या सर्जरी आता नाशकातच होतात. पेशंट सुरगाणा, पेठ, मालेगाव, येवल्याकडून येतात. दहा तासांचं ऑपरेशन सगळ्यांना दिसतं. त्यानंतरचं काम सिस्टर, ब्रदर आणि सोबतच्या नातेवाइकांच्या हातात असतं आणि ते तोंडीच एकाकडून दुसऱ्याकडे जातं. म्हणून हा धागा. अनुभवकथन नको, पेशंटची नावं-फोटो तर अजिबात नकोत. काय करायचं, किती, कधी आणि चुकतं कुठे, एवढंच लिहा. सर्जनची लेखी ऑर्डर इथल्या कुठल्याही प्रतिसादाच्या वर, हे गृहीत धरा.

सुरुवात फ्लॅपपासून. फ्री फ्लॅप म्हणजे हात, मांडी किंवा पायाचा तुकडा त्याच्या धमनी-शिरेसकट काढून मानेतल्या धमनी-शिरेला मायक्रोस्कोपखाली जोडलेला. जोड दोन-तीन मिलीमीटरचा. गुठळी धरायची असेल तर बहुतेक वेळा पहिल्या ४८ ते ७२ तासांत धरते. म्हणून पहिले २४ तास दर तासाला तपासणी, पुढचे २४ तास दर दोन तासांनी, मग दर चार तासांनी. काही युनिट तिसऱ्या दिवसापर्यंत तासाचाच हिशेब ठेवतात, त्यात काही वावगं नाही.

दर वेळी चार गोष्टी लिहा: रंग, तापमान, फुगीरपणा, दाबल्यावर रंग परत यायला लागलेला वेळ. ‘फ्लॅप ओके’ असं लिहू नका. पहाटे चारला ‘ओके’ आणि सहाला जांभळा, तर मधे कधी बदललं हे कुणालाच सांगता येत नाही. ड्युटी बदलताना दोघींनी एकाच टॉर्चखाली एकत्र बघायचं. एकीचा ‘थोडा गडद’ हा दुसरीचा ‘नेहमीचाच’ असतो.

टॉर्च पांढऱ्या उजेडाची. वॉर्डातल्या पिवळ्या दिव्यात जांभळी छटा लपते. रंगाची तुलना गालाच्या कातडीशी करायची नाही, तुकडा जिथून घेतला तिथल्या कातडीशी करायची. हाताची आतली बाजू मुळातच फिकी असते, ती सावळ्या चेहऱ्यावर पांढरी दिसणारच. तोंडाच्या आतल्या फ्लॅपचं तापमान बघण्यात अर्थ नाही, लाळेने ते फसवं होतं.

टाकेवाला

धागा काढलात ते बरं झालं. एक भर घालतो, कारण सगळ्यात जास्त घोळ इथे होतो.

धमनी बंद आणि शीर बंद, दोन्हींत फ्लॅप मरतो, पण दिसतं अगदी उलट. धमनी बंद झाली तर फ्लॅप पांढरा, गार, लिबलिबीत; दाबलं तर रंग यायला तीन सेकंदांहून जास्त; सुई टोचली तर रक्त नाही, किंवा फक्त पाण्यासारखा द्रव. शीर बंद झाली तर फ्लॅप जांभळट, फुगलेला, ताठ. दाबलं तर रंग सेकंदाच्या आत परत. टोचलं तर काळपट रक्त भराभर. हे दुसरं जास्त वेळा घडतं आणि नेमकं तेच सुटतं, कारण ‘रक्त आलं ना, मग चांगलंय’ असं वाटतं. रक्त येतंय का एवढंच बघू नका, कोणत्या रंगाचं येतंय ते बघा. लाल आणि सावकाश, हे ठीक.

डॉपलरचा (रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणाऱ्या पेन्सिलसारख्या यंत्राचा) सापळा वेगळाच. शीर बंद झाल्यावरही धमनीचा ठोका काही तास ऐकू येत राहतो. शिवाय पेन्सिल जरा तिरकी धरली की मानेतल्या मोठ्या धमनीचाच आवाज मिळतो आणि सगळे निर्धास्त. म्हणून सर्जन जिथे निळा टाका मारून ठेवतो तिथेच, भरपूर जेली लावून, न दाबता ऐका. धमनी ठोक्याठोक्याने वाजते. शिरेचा आवाज वाऱ्यासारखा सलग असतो आणि फ्लॅप हलकेच दाबला की क्षणभर वाढतो. तो वाढत नसेल तर फोन करा.

फोनवर काय सांगायचं: शेवटचा नॉर्मल किती वाजता होता, आता रंग काय, दाबल्यावर किती सेकंद, टोचल्यावर काय आलं, बीपी, लघवी, ड्रेनमध्ये (जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीत) किती, मान फुगली का. या आठ गोष्टींवर थिएटर उघडायचं की नाही ते ठरतं. पाच-सहा तास उलटले की जोड मोकळा केला तरी आतल्या बारीक वाहिन्यांत रक्त पुन्हा फिरेलच असं नाही. ‘सकाळच्या राउंडला दाखवू’ हे वाक्य या वॉर्डात चालत नाही.

सिस्टर_सिन्नर

टोचायचं दर तासाला का? काही ठिकाणी तसं सांगतात.

टाकेवाला

माझ्या मते नको. दर तासाला टोचलं की सकाळपर्यंत फ्लॅपवर निळे डाग पडतात आणि मग खरा जांभळा कुठला ते कळेनासं होतं. रंग शंकास्पद वाटला तरच, २४ किंवा २६ नंबरची सुई, कडेपासून दूर, जोडाच्या वाटेवर नाही, आणि ज्याला नेमून दिलंय त्यानेच.

पीएमएमसीचं वेगळं. आपल्याकडे अजूनही छातीच्या स्नायूचा हा फ्लॅप भरपूर होतो. वेळ कमी लागतो, मायक्रोस्कोप लागत नाही. त्याचा देठ, म्हणजे रक्त पुरवणारी पट्टी, कॉलरबोनवरून मानेत जातो आणि तिथेच तो दाबला जातो. ट्रॅकिओस्टॉमीची (‘ट्रॅक’ची, म्हणजे श्वासासाठी गळ्याला पाडलेल्या छिद्रातल्या नळीची) फीत, घट्ट बँडेज, ऑक्सिजन मास्कचं इलॅस्टिक, अगदी गळ्यातला ताईतसुद्धा. मानेभोवती काहीच बांधायचं नाही. ट्रॅकची नळी टाक्यांनी कातडीला शिवून घ्यायची. डोकं सरळ किंवा किंचित फ्लॅपच्या बाजूला, उलट दिशेला वळवायचं नाही. पीएमएमसी एका रात्रीत जात नाही. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी टोकाची कड काळी पडते, तिथून टाके सुटतात आणि लाळ गळायला लागते.

अवांतर: १७९३ मध्ये पुण्याजवळ कावसजी नावाच्या गाडीवानाचं कापलेलं नाक कपाळाची कातडी खाली वळवून बसवलं गेलं आणि १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात ते छापून आलं. तो तुकडाही देठावरच जगला. 

नाइटड्युटी

+१. आणि थंडी. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा एक आकडी होतो, नाशकातही रात्री हुडहुडी भरते. पेशंट गारठला की रक्तवाहिन्या आकसतात. अंगावर दोन ब्लँकेट, सलाइन गरम करून, खिडकी बंद. पण फ्लॅपवर गरम पाण्याची पिशवी नाही. फ्लॅपला संवेदना नसते. भाजलं तरी पेशंट ‘आई गं’ म्हणणार नाही, फोड दुसऱ्या दिवशी दिसतो. घरी गेल्यावरच्या गरम चहालाही हेच लागू.

सिस्टोलिक (वरचं) बीपी १०० च्या खाली नको, लघवी ताशी वजनाच्या निम्मे मिली, म्हणजे ६० किलोला ३० मिली. शुगर १४० ते १८० मध्ये धरा. तंबाखू-विडी फक्त पेशंटची बंद करून भागत नाही, सोबत्याची पुडीही वॉर्डाबाहेर. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, उशाखाली मात्र सापडतोच. रोज दारू पिणारा असेल तर ४८ ते ७२ तासांत थरथर, भ्रम सुरू होतो आणि पेशंट स्वतःच नळ्या उपसतो. हे नातेवाइकांना आधीच खोदून विचारायचं. बायकोसमोर विचारलं तर ‘कधीतरी घेतो’ असं उत्तर येतं. भावाला बाहेर बोलावून विचारा.

सिस्टर_सिन्नर

ट्रॅक आणि ड्रेनचं मी लिहिते.

नळीभोवतीचा फुगा म्हणजे कफ (cuff); त्याचं प्रेशर मीटरने २० ते ३० सेंमी पाण्याच्या दाबात. बोटाने फुगा चाचपून ‘बरोबर आहे’ म्हणणं बंद करा. ८ नंबरच्या नळीला १२ फ्रेंचचा सक्शन कॅथेटर; हिशेब सोपा, नळीच्या नंबरातून २ वजा करून दुप्पट. सक्शनचा दाब ८० ते १२० मिमी पारा, कॅथेटर आत जाताना सक्शन बंद, बाहेर येताना चालू, एकूण १० ते १५ सेकंद. स्वतः श्वास रोखून धरा, तुम्हाला गुदमरलं की पेशंटलाही गुदमरलंय. नळीच्या टोकाच्या सेंटिमीटरभर पुढे, त्याहून खोल नाही. तोंडातलं सक्शन वेगळ्या कॅथेटरने, आणि त्याचं टोक फ्लॅपला किंवा टाक्यांना चिकटू द्यायचं नाही.

नाकातून श्वास घेताना हवा गरम-ओलसर होते, ट्रॅकमध्ये ती सोय संपते. आपल्याकडे उन्हाळ्यात हवा कोरडी, त्यामुळे बेडक्याच्या खपल्या धरतात. आतली नळी दर चार तासांनी काढून धुवायची, सलाइनचं नेब्युलायझेशन ऑर्डरप्रमाणे. नळीखाली गॉज ठेवताना कात्रीने चीर देऊ नका, सुटे धागे श्वासात जातात. घडी घालूनच सरकवा.

उशाशी कायम: त्याच नंबरची एक नळी, एक नंबर लहान एक, डायलेटर (छिद्र उघडं धरायचा चिमटा), अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी), चालू स्थितीतलं सक्शन. पहिले पाच-सात दिवस वाट पक्की झालेली नसते, नळी निघाली तर आंधळेपणाने घुसवायची नाही, ती कातडीखाली जाते. आणि लाल शाईने लिहून ठेवा: बूच लावायचं असेल तर आधी कफ रिकामा. फुगवलेल्या कफवर बूच म्हणजे श्वासाच्या दोन्ही वाटा बंद.

रोमोव्हॅकचा (ड्रेनमधलं पाणी ओढून घेणारा) डबा पूर्ण दाबलेला असला पाहिजे. तो सारखा फुगतोय आणि ‘स्सस’ आवाज येतोय तर कुठेतरी हवा आत जातेय. अशाने कातडी खाली चिकटत नाही, पाणी साठतं. मोजायचं दर आठ तासांनी, पण रंगही लिहायचा. अचानक लालभडक आणि मान फुगते आहे, तर ते रक्त साठतंय. शीर आणि श्वासनलिका दोन्ही दाबली जातात, धावपळ तेव्हा. लाळेसारखं चिकट, वास येणारं, पाचव्या ते दहाव्या दिवसात, तर फिस्ट्युला, म्हणजे तोंडातून मानेकडे पडलेली गळतीची वाट. २४ तासांत २० ते ३० मिलीच्या खाली, सलग दोन दिवस, तर काढायचा निर्णय सर्जनचा.

नाचणीसत्त्व

दुधासारखं पांढरं आलं तर? तेही लिहा, तो भाग माझ्या आहाराच्या विषयाशी जोडलेला आहे.

सिस्टर_सिन्नर

बरोबर, राहिलं. मानेच्या डाव्या बाजूला खाली गाठी काढल्या असतील आणि फीड सुरू झाल्यावर ड्रेन दुधाळ झाला तर काइल गळती. त्या द्रवात ट्रायग्लिसराइड (मेद) ११० mg/dL च्या वर आलं की नक्की. तुम्हीच पुढे लिहा.

नाचणीसत्त्व

काइल म्हणजे आतड्यातून शोषलेलं मेद घेऊन जाणारा रस. मेद बंद केलं की ओघ कमी होतो. फीडमधलं तेल, साय, शेंगदाणे, अंड्याचा पिवळा बलक बंद. साय काढलेलं दूध, डाळीचं पाणी, अंड्याचा पांढरा भाग चालू. एमसीटी तेल (काइलच्या वाटेने न जाता थेट रक्तात जाणारं मेद) डॉक्टर सांगतील तेवढं. खोबरेल तेल म्हणजे एमसीटी नव्हे. त्यात जवळपास निम्मं लॉरिक आम्ल असतं, त्याचा बराचसा भाग त्याच वाटेने जातो. दिवसाला लिटरच्या आसपास गेलं आणि थांबतच नसेल तर पुन्हा उघडायचा विचार होतो.

आता मूळ मुद्दा. २०१७ च्या इरास (ERAS, ऑपरेशननंतर लवकर बरं होण्यासाठीच्या) मार्गदर्शक सूचनांत नाकातून पोटात घातलेल्या नळीतून फीड २४ तासांच्या आत सुरू करा असं आहे, आणि ते बरोबर आहे. तीन दिवस नुसत्या सलाइनवर ठेवून टाके जुळत नाहीत. गरज: वजनाच्या किलोला २५ ते ३० कॅलरी, प्रथिनं १.२ ते १.५ ग्रॅम. मात्र महिना-दोन महिने ज्याला गिळताच येत नव्हतं आणि वजन खूप उतरलंय, त्याला पहिल्याच दिवशी पूर्ण मात्रा देऊ नका. किलोला १० कॅलरीपासून सुरुवात, आधी थायमिन, रोज पोटॅशियम-फॉस्फेट-मॅग्नेशियम. उपाशी शरीराला एकदम पिष्ट मिळालं की फॉस्फेट पेशींत ओढलं जातं, रक्तातलं घसरतं आणि हृदय बिघडतं.

५५ किलोच्या माणसाचा एक दिवस, घरच्या साहित्यात: टोन्ड दूध १ लिटर, उकडलेली अंडी ३, साय काढलेल्या दुधाची पावडर ४५ ग्रॅम, मुगाची डाळ कोरडी ६० ग्रॅम, नाचणी सत्त्व ४० ग्रॅम, तेल २ मोठे चमचे. साधारण १५५० कॅलरी, ८० ग्रॅम प्रथिनं. अंडी चालत नसतील तर पावडर ९५ ग्रॅमपर्यंत न्या, प्रथिनं भरून निघतात. याचे २०० मिलीचे आठ फीड, सकाळी सहा ते रात्री दहा.

नाचणी मोड आणून, वाळवून, दळलेलीच घ्या. मोड येताना तयार होणारं अमायलेज पिष्ट तोडतं, म्हणून तेवढ्याच पिठाची खीर पातळ राहते. साध्या पिठाची खीर थंड होताच नळीत खळ होऊन बसते. चहाची गाळणी पुरत नाही, दुहेरी मलमल. डाळीची सालं हीच नळी बुजण्याची पहिली कारणं. खोलीच्या तापमानाला चार तासांवर ठेवायचं नाही, फ्रिजमध्ये २४ तास.

द्यायची पद्धत: ५० मिलीची सिरिंज, दट्ट्या काढून, पेशंटच्या डोक्याच्या वर वीतभर धरायची, फीड आपोआप उतरू द्यायचं, १५ ते २० मिनिटं. दट्ट्याने ढकललं की उलटी आणि उलटी म्हणजे टाक्यांवर ताण. पाठ ३० ते ४५ अंश उंच, नंतर तासभर तशीच. फीडच्या आधी आणि नंतर ३० मिली कोमट पाणी. आठ फीडांचं हे पाणी जवळपास अर्धा लिटर होतं, तो पाण्याच्या हिशेबात धरा. उन्हाळ्यात मधल्या वेळी आणखी १०० मिली दोनदा.

गोळ्या एकेक वेगळी कुटून, मधे पाणी. ज्यांच्या नावापुढे एसआर, एक्सआर (सावकाश विरघळणाऱ्या), ईसी (आवरण असलेल्या) आहे त्या कुटायच्या नाहीत. सिरप किंवा पर्याय मागा. पँटोप्राझोलची साधी गोळीसुद्धा कुटली की निकामी.

पेठवाला

घरी गेल्यावर रात्री राइल्स ट्यूब (नाकातली फीडची नळी) निघून आली तर? गावातल्या कंपाउंडरला घालता येते, पण घालावी का?

नाइटड्युटी

नाही. या पेशंटला कुणीही चाचपडत नळी घालायची नाही. घशात, जिभेच्या मुळाशी ताजे टाके असतात. नळीचं टोक तिथूनच पार होऊन मानेत शिरू शकतं. एका रात्रीच्या उपाशीपणाने काही बिघडत नाही. मधुमेही असेल तर इन्शुलिन देण्याआधी डॉक्टरांना फोन, फीड नसताना नेहमीचा डोस दिला तर शुगर कोसळते. सकाळी ज्या ठिकाणी सर्जरी झाली तिथेच न्या.

निघू नये म्हणून: डिस्चार्जला नाकपुडीशी मार्करने खूण, आणि ‘५५ सेंमी’ असा जो आकडा असेल तो कार्डावर. चिकटपट्टी रोज नाही, सैल झाली की बदला, नाकाची कड लाल होतेय का बघा. फीडच्या आधी दर वेळी खूण जागेवर आहे का हे बघणं. खूण दोन बोटं बाहेर सरकली असेल तर फीड नाही.

खांदाधर

फिजिओचं थोडक्यात. २४ तासांच्या आत खुर्चीत बसवायचं, फक्त ज्या पायाचं हाड घेतलंय त्यावर भार सर्जन सांगेल तेव्हा.

पायाचं फिब्युला (नडगीशेजारचं बारीक हाड) घेतलं असेल तर दर ड्युटीला पायाची बोटं वर उचलायला सांगा. उचलता येत नाहीत तर गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस दाबली गेलीय. तिथे प्लास्टरची कड रुतलीय का, ते आधी बघा. अंगठा खाली वाकवायला कमजोर असणं मात्र अपेक्षित आहे. पोटरी कडक आणि बोटं ओढली की किंचाळण्याइतकं दुखतंय, तर थांबू नका. हात घेतला असेल तर तो उशीवर उंच, बोटं हलती. त्या हाताला बीपीचा पट्टा किंवा सलाइन नाही. हातापायावर लावलेलं कातडीचं कलम साधारण पाचव्या दिवशी पहिल्यांदा उघडतात, त्याआधी ड्रेसिंग ‘जरा बघू’ म्हणून सोडू नये. मांडीवरून जिथून कातडी घेतली तिथलं ड्रेसिंग दहा ते चौदा दिवसांनी आपणहून सुटतं. ओढून काढलं की नवी कातडी सोबत येते.

खांदा: मानेच्या गाठी काढताना अ‍ॅक्सेसरी नस (खांदा उचलणारी) ताणली जाते, खांदा ओघळतो. पहिल्या आठवड्यात हात ९० अंशांच्या वर नाही. पीएमएमसीच्या बाजूला तर मुळीच घाई नको. पुढे भिंतीवर बोटांनी चढणं, रोज खडूने खूण, कालच्यापेक्षा बोटभर वर.

तोंड उघडणं: पुढच्या वरच्या-खालच्या दातांतलं अंतर ३५ मिमीच्या खाली म्हणजे जबडा आखडलेला. गुटखा खाणाऱ्यांत फायब्रोसिस (तोंडाच्या आतलं अस्तर कडक होणं) आधीपासूनच असतो, म्हणून ऑपरेशनआधीचा आकडा फाइलवर हवा. टाके पक्के झाल्यावर, सर्जनने हो म्हटल्यावर, आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चवड दाढांमध्ये. बसतील तेवढ्या, मग मधे एक सरकवायची, ३० सेकंद धरायचं, पाच वेळा, दिवसातून चार-पाचदा. आठवड्याला एक काडी वाढली तरी पुष्कळ. जबड्याला प्लेट असेल तर विचारल्याशिवाय एकही काडी नाही. रेडिएशन सुरू झालं की जबडा पुन्हा आखडतो, म्हणून त्या सहा आठवड्यांत व्यायाम बंद करायचा नाही. सगळे नेमका तेव्हाच बंद करतात, कारण तोंड सोललेलं असतं.

घोट

तोंडाची सफाई कुणीच लिहिली नाही. गुळण्या करता येत नसतात. पुढे वाकवून बसवा, २० मिली सलाइन सिरिंजने गालाच्या कडेने, हळू, टाक्यांवर थेट धार नाही, दुसऱ्या हाताने सक्शन. फीड तोंडातून नसलं तरी दर चार तासांनी. कोरडं रक्त आणि लाळ साठली की कड सुटते.

गिळणं: आधी रेडिएशन झालेलं नसेल तर साधारण सातव्या ते दहाव्या दिवशी चाचणी; झालेलं असेल तर दोन आठवडे थांबतात. सरळ बसवून, कफ रिकामा, चमचाभर पाणी. मग थांबा, ‘आ’ म्हणायला सांगा. आवाज ओला-घोगरा झाला किंवा ठसका लागला तर पाणी श्वासनलिकेकडे गेलंय. ट्रॅक असेल तर पाण्यात निळा रंग टाकून नंतर सक्शन, निळं दिसलं तर थांबा. दिसलं नाही म्हणून सगळं ठीक असंही नाही. पातळ पाणी सगळ्यात कठीण, घट्ट ताक किंवा पातळ खिमट सोपं. ज्यांना जमतं त्यांना: श्वास रोखा, गिळा, लगेच खोका, पुन्हा गिळा, मगच श्वास. जीभ मागे ढकलत नसेल तर हनुवटी वर. श्वासनलिकेकडे जात असेल तर हनुवटी छातीकडे. दोन्ही उलट आहेत, म्हणून ‘शेजारच्या बेडवाल्याला सांगितलं तेच’ करू नका.

बेचाळीस

वाचून झालं, धागा साठवून ठेवला. पण सगळे पहिल्या तीन रात्रींचं बोलताय. ज्यांना रेडिएशन लागणार आहे त्यांचं खरं घड्याळ ४२ दिवसांचं आहे. ऑपरेशनपासून सहा आठवड्यांच्या आत रेडिएशन सुरू व्हायला हवं. फिस्ट्युला, न सुकलेलं कलम, उतरलेलं वजन, हे सगळं त्या घड्याळातून दिवस खातं.

उलटा हिशेब मांडा. रेडिएशन म्हणजे साधारण ६० ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक), ३० बैठका, आठवड्याला पाच, सहा आठवडे. त्याआधी मास्क (किरण देताना डोकं-मान हलू नये म्हणून चेहऱ्यावर बसवायचा साचा) आणि सीटी प्लॅनिंगला आठवडाभर. मास्कच्या आधी सूज उतरलेली, ड्रेन निघालेले हवेत. सूज असताना मास्क केला तर तो पुढे सैल होतो. म्हणजे ३० व्या दिवसापर्यंत जखम बंद. दात काढायचे असतील तर सुरुवातीच्या किमान दोन आठवडे आधी. नंतर काढले तर जबड्याचं हाड कुजण्याचा धोका. म्हणून खराब दात मुख्य ऑपरेशनमध्येच काढून घेणं सर्वांत शहाणपणाचं.

गाठीचा रिपोर्ट आठवडा-दहा दिवसांत येतो. रिपोर्ट हातात आला त्याच दिवशी आरोग्यमित्राकडे (हॉस्पिटलमधला सरकारी योजनेचा मदतनीस). महात्मा फुले योजनेत सर्जरीची मंजुरी वेगळी, रेडिएशनची वेगळी, आणि रेशन कार्ड-आधारवरचं नाव जुळत नसेल तर तिथेच दिवस जातात. टाके काढायला येताना ही कागदं सोबत आणायला डिस्चार्ज कार्डावरच लिहा.

पेठवाला

घरी ट्रॅकसह जाणाऱ्यांना आमच्याकडे भारनियमन. विजेवरचं सक्शन मशीन रात्री बंद पडतं.

सिस्टर_सिन्नर

पायाने चालवायचं सक्शन मिळतं, ते घेऊनच जा. नळीवर ओलसर मलमलची चौघडी, वरच्या कडेने गळ्यात सैल, छातीवर मोकळी, दिवसातून तीनदा बदलून. द्राक्षाच्या बागेत फवारणी चालू असेल तर तिकडे पाऊलही नको, कांद्याच्या चाळीतही नको. नाकाची गाळणी नाही, थेट फुप्फुसात जातं. आणि २०२७ च्या सिंहस्थाला नातेवाईक आग्रह करतील: रामकुंडात बुडी नाही. पाणी मानेपर्यंत नेणंही नाही. घरी अंघोळ बसून, नळीच्या खालपर्यंत, तांब्याने.

टाकेवाला

घरच्यांना एक चित्र डोक्यात घालून द्या. आधी रेडिएशन झालेलं, मानेला फिस्ट्युला, आणि एक दिवस कपड्यावर रुपयाएवढा लालभडक डाग पडून आपोआप थांबला. तो ‘थांबला’ म्हणून सोडायचा नाही. मानेतली मोठी धमनी फाटायच्या बेतात असते. घडी केलेल्या कापडाने घट्ट दाबून १०८, वाटेत हात सोडायचा नाही.

पेठवाला

ट्रॅकची मेटल ट्यूब घालून रेडिएशनला जाता येतं का?

बेचाळीस

नाही. धातूवरून किरण विखुरतात, आजूबाजूची कातडी जास्त जळते. प्लास्टिकची घालून मगच मास्क.

खांदाधर

एक छोटी शंका, पेशंट विचारायला लाजतात. पीएमएमसी बसवलेल्या पुरुषांच्या गालाच्या आतून केस उगवतात.

टाकेवाला

छातीची कातडी आहे, उगवणारच. रेडिएशनने बरेच गळतात. तोवर बोथट टोकाची कात्री, आरसा, टॉर्च, पंधरा दिवसांतून एकदा. वस्तरा आत न्यायचा नाही, संवेदना नाही, कापलं तरी कळणार नाही. आणि उपटायचे तर नाहीतच, मुळाशी पिकतं.